सायलीला ॲनालिसिस आज कळलं, कॉलेज सुटल्यावर

मंडळी, आज दुपारी आमचा बीएस्सीचा निकाल लागला. माझी मैत्रीण सायली ॲनालिसिस या गणिताच्या पेपरात पुन्हा नापास झाली. बारावीला गणितात आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त मार्क तिचेच होते.

मुलुंड स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो. ती म्हणाली, "यार, सगळी लेक्चर्स पाहिली, सगळ्या सिद्धता पाठ केल्या. अजून काय करायचं असतं?"

मी कोरा कागद पुढे केला. "फंक्शनच्या सातत्याची व्याख्या लिही."

तिने ती धडाधड, बिनचूक लिहिली.

"आता त्यातल्या एप्सिलॉन आणि डेल्टा या दोन अक्षरांचा क्रम उलटा कर. काय बिघडतं?"

 ती आलेख काढत, खोडत बसली. चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे, मग फंक्शन त्या बिंदूजवळ सपाटच राहील ना! म्हणून हा क्रम असतो?"

"हो गं. असाच अभ्यास करायचा. प्रत्येक अट मोडून बघायची."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पप्पा म्हणाले, आता बस झालं. सोमवारपासून गोरेगावच्या कॉल सेंटरला जातेय. हे मला आधी कुणीच का नाही सांगितलं रे?"

मला हे माझ्या ताईने घरी शिकवलं होतं. सायली मात्र तिच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. 

तुम्हाला गणिताचा अभ्यास कसा करायचा हे वर्गात कधी कुणी सांगितलं होतं का?