मब्रूका मावशीचे सात डबे

आमच्या शेजारच्या मब्रूका मावशीला उन्हाचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर, मग डाळिंबामागे हातभर पट्टा, दुपारनंतर रस्त्याकडच्या पायरीवर. तेलाच्या सात रिकाम्या डब्यांत तिनं टोमॅटो लावले होते आणि ते उचलून दिवसभर ती उन्हामागे फिरायची. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरत असताना.

आमची शेनिनी म्हणजे वाळवंटाच्या कडेचं, खजुरींच्या सावलीतलं गाव. त्या सावलीत पुदिना, कोथिंबीर, मुळे मजेत येतात. टोमॅटो मात्र नुसता पाला वाढवतो. मावशीचं अंगण लहान, आणि ते सगळं झाकून टाकलं होतं तिच्या लेकाच्या, नाजीच्या खजुरीनं. मुलगा झाला की अंगणात खजुरी लावायची, ही आमच्याकडची रीत. नाजी समुद्रापलीकडे मार्सेलला गेला त्याला अकरा वर्षं झाली. झाड तेवढं इथं राहिलं.

वसंतात त्याचा फोन आला. "यम्मा, ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन येतोय. तिला आपल्या अंगणातल्या टोमॅटोचा शक्शूका खाऊ घाल." झालं. मावशीच्या अंगात वारं शिरलं.

खजुरीचा गोड रस काढणारा अम्मार भिंतीवरून डोकावला. "मावशी, या झाडाचा शेंडा छाटू दे. मला रस, तुला ऊन. कशाला कंबर मोडून घेतेस?"

"शेंडा छाटल्यावर झाड जगतं का रे?"

"कधी जगतं, कधी नाही."

"मग लेकाच्या झाडाला हात लावू नकोस. तहान लागली असेल तर विहिरीचं पाणी पी."

मीही तिला चिडवायचे, "सात नातवंडं कडेवर घेऊन फिरतेस की गं!"

"एक खरी येऊ दे, सातही खाली ठेवते," ती म्हणायची.

जुलैअखेर टोमॅटो लालबुंद झाले. त्याच आठवड्यात फोन वाजला, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातच होते. "यम्मा, यंदा नाही जमत. पुढच्या वर्षी बघू."

"बरं, बाळा. तब्येतीला जप." तिनं फोन ठेवला, सगळे टोमॅटो तोडले आणि माझ्या पदरात ओतले. "तुझ्या पोरांना घाल."

मी तिच्यापाशी बसायला हवं होतं. पण घरी कुसकुस चुलीवर होता, म्हणून मी निघून आले. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचे घाव ऐकू आले. अम्मार खजुरीवर चढला होता. मावशीनंच त्याला बोलावून घेतलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या झावळ्या खाली पडल्या आणि अंगणभर पांढरं ऊन पसरलं.

चार दिवसांनी वाटीभर कालवण घेऊन मी गेले. मावशी उंबऱ्यात बसली होती. सातही डबे वाफ्यात ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर सारखं ऊन.

"सुटलीस गं मावशी," मी म्हटलं. "आता कंबरेला आराम."

"हो," ती म्हणाली. "सकाळी पाणी घातलं की आठ वाजता काम संपतं." मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "संध्याकाळपर्यंत मी काय करू, सांग?"

वाटी उंबऱ्यावर ठेवून मी तिच्या शेजारी उन्हातच बसले.