रडून झाल्यावरची मुदतवाढ

मी न्यूयॉर्कच्या एका लहानशा नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं तपासतो. अस्टोरिया भागातल्या रोझालिंड पेट्राकिसबाईंचं तिकीट बघणं मात्र मी केव्हाच सोडलंय. पिवळे पट्टेरी मोजे दिसले की मुकाट दार उघडायचं. मधमाश्या पाळणाऱ्या विधवेवरचं आमचं संगीत नाटक बाईंना नटांपेक्षा जास्त पाठ, आणि त्या ते शेजारच्यालाही ऐकवतात.

नाटक मोजक्याच आठवड्यांचं. ते वाढवावं म्हणून बाईंनी भर थंडीत फुटपाथवर सह्या गोळा केल्या. "हे बंद करणं म्हणजे खून आहे, ड्वाइट!" मला असं सांगायच्या, जणू सुरा माझ्याच हातात होता.

रविवारी शेवटच्या प्रयोगाला बाई पडदा उघडायच्या आधीपासून रडल्या. नंतर मागच्या दाराशी नायिकेच्या गळ्यात पडल्या, पायातले मोजे काढून तिला भेट दिले, आणि माझाही कोट भिजवून गेल्या.

सोमवारी जाहीर झालं: लोकाग्रहास्तव दीड महिना मुदतवाढ!

मंगळवारी बाई तणतणतच आल्या. मयताला खांदा देऊन घरी यावं आणि मयतानेच दारात कॉफी मागावी, तसा चेहरा.

"शुद्ध फसवणूक आहे ही!"

"अहो, सह्या तुम्हीच गोळा केल्यात ना?"

"केल्या! पण वाढवायचं तर मी रडायच्या आधी वाढवायचं. आता परत कुठल्या तोंडाने रडू?"

बाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"आणि तिला सांग, माझे मोजे परत दे. उद्याचं तिकीट काढलंय मी."