पत्रिकेत नसलेली सूनबाई

आमच्याकडे द्वारका चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक काका आहेत. चष्मा कायम कपाळावर, टायपिंग एका बोटाने, आणि गिऱ्हाइकाची माणसं ती आपलीच माणसं, असा सगळा हिशोब. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ परदेशातून एकटाच धावत आला. त्याच्या पेरू देशातल्या बायकोला तातडीने व्हिसा हवा होता, म्हणून मी काकांकडे गेलो.

"हां, आपल्या सूनबाईंचा पासपोर्ट नंबर सांगा."

आमच्या घरात तिला अजून कुणी सूनबाई म्हटलं नव्हतं.

सगळी माहिती भरून झाल्यावर पुरावा म्हणून मी दशक्रियेची पत्रिका पुढे केली. काकांचा चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर आला.

"यात सूनबाईंचं नाव नाय."

पत्रिकेचा मजकूर मीच दिला होता. आईला काय वाटेल म्हणून ते नाव गाळलं होतं.

"असं नाय चालायचं. नवीन छापून आणा."

घरी आईला भीत भीतच सांगितलं. तिने ते परकं नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि थोरल्या सुनेच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सूनबाई आली. आईने पत्रिकेवर बोट ठेवून तिला तिचं नाव दाखवलं, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या.

पुढे पेढे घेऊन काकांकडे गेलो, तर मी छापून आणून दिलेली नवीन पत्रिका त्यांच्या ड्रॉवरमध्येच.

"ही पाठवली नाहीत?"

"व्हिसाला कुठं लागती ती?" काकांनी पेढा तोंडात टाकला. "फॉर्म तर तुम्ही छापखान्यात गेला तेव्हाच पाठवला."