लाखेनं बंद केलेला कॉम्प्युटर

लाख तापल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. पोस्टात पार्सलं सील व्हायची तेव्हा मी रांग सोडून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायचे. लोकांना वाटायचं, हिला धुराचा त्रास होतो. त्रास धुराचा नव्हता, माझ्या वडिलांचा होता.

बाबा भिंगारला लष्कराच्या एका भांडारात कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कुलपं, किल्ल्या, सीलं हीच त्यांची नोकरी. भांडाराच्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली पाकिटात घालायची, पाकिटावर लाख ओतायची, तिच्यावर पितळी शिक्का दाबायचा आणि आडवी सही करायची. सहा महिन्यांनी कुलूप बदललं की नवं पाकीट तयार करायचं आणि जुनं साक्षीदारासमोर जाळायचं. हे सगळं वहीत लिहायचं. ते निवृत्त झाले, पण पद्धत निवृत्त झाली नाही. आमच्या कपाटाची दुसरी किल्ली सीलबंद होती, सायकलच्या कुलपाचीसुद्धा होती. घरातली साक्षीदार म्हणजे आई. तिनं शेजारी उभं राहायचं, पाकीट जळताना बघायचं आणि वहीत सही करायची. साक्षीदारानं फक्त बघायचं असतं, बोलायचं नसतं, असा बाबांचा नियम होता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला, भावासाठी. भावाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तो हॉस्टेलवर गेला आणि मशीन घरी राहिलं. ते वापरायचे मी. नगरला मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. तिथे वीस जणांत दोन मशीनं, त्यामुळे माझं खरं शिक्षण घरीच, पुढच्या खोलीत चाललं होतं.

एकदा मैत्रिणीच्या फ्लॉपीतून व्हायरस आला. बाबांच्या लेखी ती भांडारातली चोरीच. त्यांनी नगरहून दुकानदाराला बोलावून घेतलं. त्यानं मशीन साफ केलं आणि बाबांना मशीन चालू होताना उघडणारा सेटअपचा पडदा दाखवला. इथून फ्लॉपीची जागा बंदच करून टाकता येते आणि ती उघडायला सुपरवायझर पासवर्ड लागतो, असं त्यानं सांगितलं. सुपरवायझर हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. त्या पदासाठी त्यांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती आणि ते दुसऱ्याला मिळालं होतं. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड घातला, फ्लॉपी बंद केली आणि दुकानदार गेल्यावर मशीनच्या मागच्या चारही स्क्रूंवर लाख ओतली. चार स्क्रू, चार शिक्के. मी म्हटलं, "बाबा, हे कॉम्प्युटर आहे, दारूगोळा नाही." ते म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

त्यातलं घरात फक्त मलाच कळत होतं.

पासवर्डची चिठ्ठी अर्थातच पाकिटात गेली. पाकिटावर त्यांनी लिहिलं: माझ्या अनुपस्थितीत चिरंजीवाने उघडावे. चिरंजीव पुण्यात. मशीनसमोर रोज सहा तास बसणारी मुलगी त्याच खोलीत, तीन हातांवर. ते पाकीट कपाटात ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गप्प बसले. काम झालं की फ्लॉपी उघडून देईन, कॉपी करून घे, मग परत बंद करीन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

काम म्हणजे माझा प्रोजेक्ट. वाचनालयाच्या पुस्तकांची देवघेव ठेवणारा प्रोग्रॅम. तीन महिने मी त्यावर बसले होते. तो सोमवारी फ्लॉपीवर नेऊन द्यायचा होता. तो दिल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसू देणार नव्हते, म्हणजे वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर पुढे शिकायचं नाही, स्थळं बघायची, हे घरात आधीच ठरलेलं होतं. शनिवारी सकाळी प्रोग्रॅम पूर्ण झाला. मी नवी फ्लॉपी हातात घेऊन बाबांना हाक मारली.

ते आंघोळ करून आले. कपाट उघडलं, पाकीट काढलं, आईला साक्षीला बोलावलं, सील तपासलं, फोडलं, चिठ्ठी काढली. मी मशीन चालू करून सेटअप आणला. त्यांनी एका बोटानं आकडे दाबले. चूक. परत दाबले. चूक. तिसऱ्यांदा मशीन थिजलंच. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तीनदा तेच.

"मशीन बिघडलंय," बाबा म्हणाले.

"मशीन नाही बिघडलं. पासवर्ड चुकीचा आहे."

"पाकीट सीलबंद हुतं. चूक व्हईलच कशी?"

तेव्हा आई बोलली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात पदराला पुसत. "मे महिन्यात तुमी नवं पाकीट केलं आन् जुनं जाळलं ना, तवा नवंच जाळलं तुमी. त्याच्यावरची लाख ओली हुती. चिमट्याला चिकटली."

मी तिच्याकडे वळले. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले की. हे म्हनले, साक्षीदारानं बोलायचं नसतं."

बाबा वहीची पानं उलटत बसले. मे महिन्यात सहा महिने भरले म्हणून त्यांनी नवा पासवर्ड घातला होता आणि तो पाठ होणार नाही असाच मुद्दाम निवडला होता, कारण पाठ असलेली गोष्ट माणूस बोलून जातो, असं त्यांना भांडारात शिकवलं होतं. म्हणजे नवा पासवर्ड राखेत आणि कपाटात जपून ठेवलेला जुना. एवढं सगळं झालं आणि त्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' निघालं नाही. "सोमवारी दुकानदाराला बोलावू," ते म्हणाले. मी कोपऱ्यावरून फोन केला. दुकानदार लग्नाला बेलापूरला गेला होता, बुधवारी येणार होता.

माझ्याकडे मशीनबरोबर आलेलं पातळ पुस्तक होतं. भावानं ते उघडलंही नव्हतं, मी दोनदा वाचलं होतं. मशीनच्या आत एक नाण्याएवढा सेल असतो, तो काढून ठेवला की सेटअपचं सगळं पुसलं जातं, पासवर्डसुद्धा. हार्ड डिस्कवरची कामं शाबूत राहतात. फक्त मशीन उघडायला हवं होतं. आणि मशीनवर चार शिक्के होते.

रविवारी सकाळी मी पान्हा, पेचकस आणि पुस्तक घेऊन खाली बसले. बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सील तोडायचं न्हाई."

"मग पासवर्ड सांगा."

"सील मी केलंय. माझ्या परवानगीबिगर..."

"तुमच्या परवानगीनंच माझं वर्ष जाळलंय बाबा! चिमट्यात धरून, आईला साक्षी ठेवून!"

इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. समोरच्या घराची खिडकी उघडली. मी पेचकसाचं टोक पहिल्या शिक्क्यावर ठेवलं आणि मुठीनं ठोकलं. लाख तडकून फरशीवर पडली. दुसरा, तिसरा, चौथा. बाबांनी अडवलं नाही. त्यांनी आत जाऊन वही आणली, पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "लिहून दे. सील कुणी तोडलं, कधी तोडलं."

मी लिहिलं. वेळ घातली, सही केली. रागानं अक्षर इतकं दाबलं की पुढच्या पानावर उमटलं.

सेल नखानं निघाला. पुस्तकात लिहिलं होतं थोडा वेळ थांबा, मी आईला चहा करायला लावून तो संपेपर्यंत थांबले. सेल परत बसवून बटण दाबलं तर पडदा काळा. बाबा मागे उभे होते आणि ते जर तेव्हा काही बोलले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मग मशीन एकदा ओरडलं आणि सेटअप उघडा झाला. तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली. पासवर्ड विचारलाच नाही. पुस्तकात बघून हार्ड डिस्क ओळखवून घेतली, फ्लॉपीची जागा उघडली, प्रोग्रॅम कॉपी केला. एकाऐवजी तीन फ्लॉप्यांवर केला.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी नवा पासवर्ड घातला, आणि नुसता सेटअपला नाही. मशीन चालू करायलाच पासवर्ड लागेल असं करून टाकलं. वही ओढली आणि लिहिलं: आजपासून कॉम्प्युटरचा चार्ज माझ्याकडे. खाली सही केली. बाबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि चार्ज दिला म्हणून सही केली. आईनं साक्षीची केली. पाकीट मी केलं नाही. मला पाकिटाची गरज नव्हती, मला पासवर्ड पाठ होता.

मी पास झाले. बाबा गल्लीतल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, नळाचे, रेशन कार्डातल्या नावांचे. त्यानंतर दर वेळी ते माझ्या दारात येऊन विचारायचे, "चालू करून देतीस का?" मी त्यांना मान वळवायला लावायचे आणि मग पासवर्ड दाबायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंद व्हायचा. कधीकधी मुद्दाम हातातलं काम संपेपर्यंत त्यांना उभं ठेवायचे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मला नाशिकला नोकरी लागली. दोन दिवसांत निघावं लागलं. दिवाळीला आले तेव्हा कॉम्प्युटरवर चादर होती आणि शेजारच्या टेबलावर बाबांच्या हातानं लिहिलेल्या अर्जांची चळत. आधी मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्यावरच ओरडले.

"पाच महिने मशीन बंद ठेवलंत? स्क्रूंवर लाख नव्हती. सेल काढायचा होता. नाहीतर पत्र टाकायचं होतं, विचारायचं होतं!"

"चार्ज तुझ्याकडं हाय," ते शांतपणे म्हणाले. "पाकीट तू ठिवलं न्हाईस."

त्या शांतपणाचा मला जितका राग आला तितका त्या रविवारीही आला नव्हता. हट्टी माणूस. एक शब्द टाकला असता तर काय झालं असतं? मी चादर ओढली, बटण दाबलं, पासवर्ड घातला.

चूक.

परत घातला. चूक. पाच महिन्यांत मी ऑफिसातले चार वेगवेगळे पासवर्ड पाठ केले होते आणि घरचा कुठेतरी त्यांच्यात मिसळून गेला होता. तिसऱ्यांदा मशीन थिजलं. मी पडद्याकडे बघत बसले. मागे वळायची हिंमत होईना.

बाबा उठले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कपाटातून पेचकस आणला, मूठ माझ्याकडे करून पुढे धरला आणि वही उघडून टेबलावर ठेवली. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "आता साक्षीदारानं बोलायचं का न्हाई?"

मी स्क्रू काढले, सेल काढला, आणि सेटअप पुसला जाईपर्यंत थांबायचं म्हणून वहीत लिहायला घेतलं. पासवर्ड विसरले, असं लिहिलं. चुकलं, असंही लिहिलं. त्या वहीत तो शब्द दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही, मी सगळी चाळली आहे. खाली सही माझी आहे आणि त्या एका दिवशी साक्षीदाराची सही बाबांची आहे.