नाही न म्हणणारा पाहुणा

मनू, ये गो, अशी जवळ ये. फोनवरूनच ये, पण जवळ ये. परवा ‘आत्या, तू उगाच घाबरतेस’ म्हणालीस आणि मधेच फोन ठेवलास, ही काय बोलायची पद्धत झाली? एकटी निघालीस. पाठीवर एक बोचकं, आणि मुक्काम कुठे, तर ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा लोकांच्या घरी. हॉटेलचा खर्च नको, नवी माणसं भेटतील, त्यांच्या हातचं खायला मिळेल, असं तू सांगत होतीस. मला होहोकाका आठवत होते. तू त्यांना फोटोतच पाहिलंस. ते कसे आले, कसे गेले ते मी तुला धड कधी सांगितलंच नाही. आता ऐक.

होहोकाका कशालाच नाही म्हणायचे नाहीत. ओडिशाकडचे, साठी उलटलेले. शिलाईचं दुकान मुलाच्या हाती देऊन सायकलवर देश बघायला निघाले होते. आपल्या वैशाखरे गावातल्या घराचं नाव तूच त्या प्रवाशांच्या ॲपवर घातलं होतंस, म्हणून आमच्याकडे उतरले. मराठीतला ‘हो’ तेवढा त्यांनी वाटेत कुठेतरी उचलला होता, बाकी अक्षर कळत नव्हतं. आपण काहीही बोललो की मान डोलवायची आणि हसून म्हणायचं, ‘हो, हो.’ पोरांनी आल्या दिवशीच त्यांचं बारसं करून टाकलं.

पहिल्या रात्री मला त्यांचीच भीती. त्यांचं अंथरूण ओटीवर घातलं आणि मधल्या दाराला आतून कडी लावली, कडीला वरून दोरी बांधली. तुझे काका म्हणाले, “अगं, तो म्हातारा तुला सायकलवर घालून नेणार हाय काय? आधी त्याच्या टायरचा इचार कर.” सकाळी दार उघडलं तर अंगण झाडून झालेलं, आणि हा माणूस माझी फाटकी गोधडी मांडीवर घेऊन टाके घालत बसलेला. मला बघून म्हणाले, “और काम, दीदी?” ज्याच्या घरी राहायचं त्याचं काहीतरी शिवून द्यायचं, ही त्यांची रीत. सुईदोऱ्याचा डबा कायम खिशात.

पानात वाढलेलंही कधी परत केलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं इथपर्यंत ठीक. पण तुझ्या काकांनी मुद्दाम मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांतून धारा लागल्या, कान लाल झाले. “अजून वाढू?” “हो, हो.” शेवटी मीच ताट ओढून घेतलं. मग शेजारच्या वनिताला चेव आला. चार बायका जमवून तिनं विचारलं, “काका, बायको तुमाला लाटण्यानं मारायची ना?” “हो, हो.” बायका पदरात तोंड घालून हसल्या, तसे तेही हसले.

मी त्यांना बाजूला घेऊन हाताच्या खुणा करत म्हटलं, “भाऊ, नाय बोलायला शिका. नाय.” तर म्हणाले, “चप्पल और ‘ना’, दोनों बाहर रखके अंदर आता हूँ, दीदी. पराये घर में ना बोलेगा, तो अपना कैसे बनेगा?” ऐकायला गोड वाटलं. पण तेव्हाच धास्तीही वाटली.

कारण त्याच दिवसांत मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरायला लागले होते. कुठले, कधीचे, काही पत्ता नाही. पण जो तो बघत होता आणि पुढे पाठवत होता. भांडी विकणारा आला तरी बायका पोरांना घरात ओढायच्या. वनिता आपल्या लेकीला, गुडीला, अंगणाबाहेर जाऊ देईना. बाहेरचं माणूस दिसलं की लोकांची नजर आधी त्याच्या पिशवीवर जायची. मी काकांना सांगितलं, एकटे कुठे जाऊ नका. “हो, हो,” म्हणाले.

आणि रविवारी गेले. गुडीच्या दप्तराची चेन तुटली होती, तसली चेन मुरबाडला मिळेल म्हणून माप घ्यायला दप्तरच सायकलला अडकवून गेले. गुलाबी दप्तर, त्यावर बाहुलीचं चित्र. वनितानं दिलं, मी दारातून बघितलं, कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

उन्हं कलली तरी पत्ता नाही. मी चारदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. मग फोन वाजला. वाटेवरच्या एका गावातून, तिथं माझी चुलतबहीण नांदते म्हणून गावाचं नाव घेत नाही. बोलताना तिला धाप लागली होती.

“गो, तुज्याकडचा तो सायकलवाला हिथं धरलाय. पोरीचं दप्तर गावलं त्याच्याकडं. पोर पळवलीस काय म्हणून इचारतात, तर हो म्हणतोय! मारतील गो त्याला. मी पोलिसांना फोन केलाय, पण तू ये.”

मनू, मी फोन तसाच टाकला. ओरडत वनिताकडे गेले. दप्तराचं ऐकताच ती पांढरी पडली. “गुडी कुठाय?” म्हणाली. गुडी अंगणात नव्हती. घरात नव्हती. वनिता माझ्याकडे बघायला लागली. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरगी सापडली पेंढ्याच्या उडवीमागे, मांजरीची पिल्लं ओच्यात घेऊन बसलेली. वनितानं तिला एक धपाटा घातला आणि मग छातीशी असं धरलं की पोर घुसमटली. तसंच तिला उचलून आम्ही रिक्षात बसलो.

रस्ताभर मी एकच मोजत होते, आत्तापर्यंत किती जणांनी त्यांना काय काय विचारलं असेल आणि ते कशाकशाला हो म्हणाले असतील.

चहाच्या टपरीसमोर ही गर्दी. मधे काका जमिनीवर बसलेले, सदरा फाटलेला, भुवईतून रक्त. हात जोडलेले. आणि अजूनही हसायचा प्रयत्न करत होते, गो. घरच्या माणसांसमोर हसतात तसं.

मी मधे घुसले. दांडका घेतलेला एक गडी म्हणाला, “काकी, बाजूला व्हा. त्यानं कबूल केलंय.”

“काय कबूल केलंय?”

“पोर पळवली म्हणून. दहा जणांदेखत हो म्हणालाय.”

मला भाषण कुठलं येतंय? कसं सुचलं देव जाणे, मी काकांकडे वळले आणि मोठ्यानं विचारलं, “भाऊ, ह्या सगळ्यांदेखत सांग. तू माझा नवरा हायेस काय?”

काकांनी वर बघितलं. मान डोलावली. “हो, दीदी.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मी पुन्हा विचारलं, “आणि ह्या दांडकेवाल्याचा बाप पण तूच काय?” “हो, हो.” आता बरेच हसले. तो गडीसुद्धा ओशाळून दांडका खाली घेऊन उभा राहिला. तेवढ्यात वनिता गुडीला घेऊन पुढे आली आणि गुडी ओरडली, “माजं दप्तर! काका, चेन लावली?”

एवढ्यावर सुटले. कोणी पाणी आणलं, कोणी सायकल उभी करून दिली, एक जण म्हणाला, “आधी बोलायचं ना, काकी.” पोलिसांची गाडी आली तेव्हा गर्दी निम्मी पांगली होती. तू म्हणशील, शहाणी ठरली आत्या. नाही गो. ज्या तोंडांनी मारा म्हटलं होतं तीच तोंडं माझ्यासमोर हसत होती, आणि त्यांतली निम्मी मी लग्नाकार्यात पाहिलेली. ती हसली नसती तर? हा विचार आला की आजही हातातली भाकरी तशीच राहते आणि तव्यावरची करपते.

घरी आल्यावर काकांनी जखम धुतली, चहा घेतला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर दप्तराला चेन लावली. सुईत दोरा ओवायला मात्र मला बोलावलं. आजवर कधी बोलावलं नव्हतं. त्या रात्री मधल्या दाराला मी कडी लावली नाही. पण ओटीच्या दाराची कडी त्यांनी दोनदा उठून तपासलेली मी ऐकली. आल्यापासून ते दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

पुढे माळशेज चढून जायचा त्यांचा बेत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दीदी, गाड़ी मिलेगा? कल्याण तक?” भाजीच्या टेम्पोत त्यांना पुढे बसवलं, सायकल मागे टोपल्यांवर आडवी. इतके मुलूख चाकाखाली घातलेला माणूस काच वर करून बसला होता. मी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. त्यांनी माझ्या पायांना हात लावला, वयानं मोठे असून.

ते घरी सुखरूप पोचले. अधूनमधून फोन येतो. गुडीचं विचारतात, तुझ्या काकांच्या गुडघ्याचं विचारतात. मी म्हटलं, थंडीत या, वाल तयार होतील. तर म्हणाले, “नहीं, दीदी. अब घर में ही ठीक है.” शिका म्हणून मी सांगत होते तो शब्द ते शिकले, आणि मला फोन धरवेना.

म्हणून मी तुला जा म्हणू शकत नाही आणि जाऊ नको असंही म्हणू शकत नाही. परक्याच्या घरी उतरणं वाईट असतं तर तो माणूस माझ्या ओटीवर कधी बसलाच नसता. एवढंच कर. ज्या घरी उतरशील तिथल्या बाईचा फोन नंबर मला दे. माझं हिंदी तोडकंमोडकं, पण मी बोलेन तिच्याशी. वेळ आली तर ती हातातलं टाकून तुझ्यासाठी धावत येईल का, ते मला तिच्या आवाजावरून कळेल.

आणि निघण्याआधी इथं ये. मुरबाडहून गाडी मिळते, नाही मिळाली तर तुझ्या काकांना मोटरसायकल घेऊन पाठवते. दोन दिवस राहा, मला तुला डोळे भरून बघू दे. लवकर ये गो.