अमरनाथचा उजवा हात

राजेश्वर गावच्या फाट्यावर अमरनाथचं गॅरेज आहे, आणि अमरनाथचं नाक त्या गॅरेजच्या पत्र्यापेक्षा उंच आहे असं गावात म्हणतात. त्यात खोटं काही नाही. हैदराबादेकडून येणारी गाडी वाटेत कुरकुरायला लागली की हुमनाबादचे मेस्त्रीसुद्धा सांगायचे, पुढं राजेश्वरला जा, अमरअण्णाचा हात लागू द्या. असं वर्षानुवर्षं ऐकल्यावर माणूस फुगणारच. अमरनाथ जरा जास्तच फुगला, एवढंच.

हात मात्र खरोखर तसा होता. हल्लीच्या इंजिनाचं हेड असतं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड त्यावर पोलादी स्टडांनी आवळलेला असतो. कमी आवळलं तर सांध्यातून धूर फुसफुसतो. जास्त आवळलं तर मऊ हेडमधले आटे सोलून निघतात, आणि मग स्टड नुसता गरागरा फिरतो. आटे जायच्या आधी पान्याला अगदी जरासा लोण्यासारखा मऊपणा लागतो. तो ज्याच्या हाताला कळला तो मेस्त्री, बाकीचे हमाल, असं अमरनाथ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. भाचा शिवराज याने एकदा किती आवळलं ते काट्यावर दाखवणारा पाना हौसेनं आणला, तर मामाने त्याची सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशी हजेरी घेतली.

"ज्याला हात न्हाईत त्यानं काटा बघावं. तुला हात हायत का रे?"

शिवराजने पाना परत खोक्यात घातला. बाप लहानपणीच गेलेला, मामाच्या ताटात जेवून मोठा झालेला. आता त्याला स्वतःची दोन लेकरं होती, तरी मामा त्याला गिऱ्हाइकांसमोर गाढव म्हणत असे आणि तो ते ऐकून घेत असे.

मागच्या उन्हाळ्यापासून अमरनाथच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट झोपल्यासारखं वाटायला लागलं. त्याने मनावर घेतलं नाही. पेट्रोलमध्ये पार्ट धुऊन धुऊन मेस्त्र्यांचे हात मरतात, हे या धंद्यात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. तो बॅटरीच्या अ‍ॅसिडचा. तेही कुणी विचारायची गरज नव्हती, कारण अ‍ॅसिडचे डाग सगळ्यांच्याच हातांवर असतात. इथंच तो फसला. शेतकऱ्याच्या हातावर असा चट्टा उठला असता तर घरच्यांनी महिन्याभरात दवाखाना गाठला असता. मेस्त्र्याच्या हाताकडे कोण बघतं?

बघितलं ते शैलश्रीने. ती गावची आशा कार्यकर्ती. घरोघर जाऊन चट्टे तपासायची तिची पाहणी चालू होती, म्हणून गॅरेजातही आली. तिने अमरनाथला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावरून कापसाची वात फिरवली.

"अण्णा, कुठं लागायलंय ते सांगा."

"तू लाव तर आधी."

"लावून झालं, अण्णा."

अमरनाथने डोळे उघडले. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. शैलश्रीने आवाज खाली घेतला. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, रोग पूर्ण बरा होतो, आत्ता सुरू केलं तर हात वाचतो, असं ती हळूच सांगत होती. रोगाचं नावही तिने घेतलं नव्हतं. नाव घेतलं ते अमरनाथनेच, ओरडून.

"महारोग? मला? आमच्या घराण्यात न्हाई असलं काही! तुझ्या घरात बघ जा आधी. दारोदार फिरून लोकांना रोग लावायलीस व्हय? निघ!"

तिची पिशवी त्याने रस्त्यावर भिरकावली. ती पोर खाली वाकून कापूस गोळा करत होती आणि अमरनाथ गिऱ्हाइकांकडे बघून हसत होता. त्या रात्री त्याने बायकोची, उमादेवीची, नजर चुकवून करंगळीला सुई टोचून बघितली. रक्त आलं, कळ आली नाही. मग त्याने सुई डब्यात ठेवली आणि स्वतःला बजावलं, पेट्रोल. पेट्रोलच.

पावसाळा सरता सरता अफजलपूरचा महेशकुमार गाडी घेऊन आला. म्हातारी आई सावित्रम्मा आणि लहान मुलीला घेऊन तो बसवकल्याणला दर्शनाला निघाला होता, आणि गाडी वाटेतच फटफट आवाज करायला लागली होती. मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅस्केट फुंकलं, म्हणजे जळून फाटलं होतं. अमरनाथने नवं गॅस्केट बसवलं आणि नट आवळायला घेतले. शेवटचा नट आवळताना तो त्या मऊपणाची वाट बघत राहिला. मऊपणा आला नाही. त्याने आणखी जोर दिला, आणि पाना एकदम मोकळा फिरला.

स्टड उपटून हातात आला. त्याला अ‍ॅल्युमिनियमचे आटे तारेसारखे गुंडाळलेले होते.

उभ्या आयुष्यात त्याच्या हातून असं झालं नव्हतं. समोर शिवराज उजेडाला बॅटरी धरून उभा होता, त्याने सगळं बघितलं होतं. महेशकुमार जवळ येऊन म्हणाला, "काय झालं अण्णा?"

अमरनाथने क्षणभरही विचार केला नाही. शिवराजच्या कानशिलात हाणली.

"कितीदा सांगितलं, एवढं आवळू नको म्हणून! हेड खाल्लास की त्यांचं!"

शिवराजने गालावर हात ठेवला. महेशकुमारची मुलगी त्याच्याकडे टकामका बघत होती. त्याने मामाच्या तोंडाकडे असं बघितलं की अमरनाथनेच मान फिरवली.

आता ते भोक नीट करायचं होतं. ड्रिलने ते जरा मोठं करायचं, टॅपने नवे आटे पाडायचे, त्यात तयार आट्यांची स्प्रिंग बसवायची आणि मग स्टड. टॅप तिरका गेला की हेड बाद, आणि टॅप आतच मोडला तर देवसुद्धा बाहेर काढू शकत नाही. शिवराज म्हणाला, "मी मारू का टॅप?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तरी अमरनाथला तो टोमणाच वाटला. हा टॅप नीट गेला तर पेट्रोल, मोडला तर शैलश्री, असा कौल त्याने मनातल्या मनात लावून टाकला होता.

हाताला काही कळत नव्हतं. म्हणून तो कानाने काम करायला लागला. केरोसीन सोडायचं, अर्धा वेढा पुढं, किंचित मागं, आणि चुरा तुटल्याची बारीक करकर ऐकायची. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी टॅप सरळ बाहेर आला, स्प्रिंग बसली, स्टड बोटांनी फिरवत फिरवत तळाला टेकला. नट या वेळी त्याने किती फिरतो ते डोळ्यांनी बघून आवळला.

अमरनाथला रडू येईल की काय असं झालं. हात शाबूत होता! ती पोर खोटारडी होती, ती सुई खोटी होती. उत्साहाने त्याने गाडी चालू करायला लावली, चांगली तापू दिली, वर चार वेळा रेस द्यायला लावली. आवाज एकदम स्वच्छ. मग नेहमीसारखा तो वाकला, आणि सांध्यातून फुंक येते का ते बघायला उजवा तळहात मॅनिफोल्डजवळ नेला.

"बघा," तो महेशकुमारकडे तोंड करून म्हणाला, "हाय का फुंक कुठं? या हाताचं काम हाय. आता गाडी मोडीत जाईल, पर हा स्टड हलणार न्हाई."

तो बराच वेळ बोलत राहिला. कुठली गाडी कुठल्या साली कुठून आली होती, तेही त्याने सांगितलं. सावित्रम्माने नाकाला पदर लावला.

"काय तर जळायलंय बाबा. मटण जळल्यासारखा वास यायलाय."

अमरनाथ हसला. "नवं गॅस्केट हाय, आई. पहिल्यांदा तापलं की वास येतोच."

शिवराज समोरच उभा होता. त्याला मघापासूनच दिसत होतं. किती वेळापासून, ते त्याने पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "गॅस्केट न्हाई, मामा. तुमचा हात हाय."

अमरनाथने खाली बघितलं. करंगळीपासून मनगटापर्यंत तळहाताची कड कडकडीत तापलेल्या बिडावर टेकलेली होती. त्याने हात उचलला, तशी कातडी तिथंच राहिली.

मुलगी किंचाळली. महेशकुमारने तिला उचललं आणि तो मागं सरला. म्हातारी एकच शब्द बोलली, जो अमरनाथ स्वतःच शैलश्रीवर ओरडून बोलला होता, आणि फाट्यावर चहा पीत बसलेल्यांनी तो ऐकला. अमरनाथ हात डोळ्यांसमोर धरून तसाच उभा राहिला.

"दुखंना रे," तो म्हणाला. "शिवराज, कामून दुखंना? धर रे जरा. दाब इथं, जोरात दाब!"

त्याने हात पुढं केला. शिवराजने आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.