साडभावाचा व्हिसा

माझ्या साडभावाला पोलंडमध्ये ट्रेलर चालवायची नोकरी लागली, तेव्हा मी त्याला पेढा भरवला आणि आतून जळून कोळसा झालो. साडभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. परका माणूस असता तर विसरलो असतो. हा घरातलाच, आणि त्या नोकरीची खबर त्याला देणारा मीच.

मी मौद्याच्या वीज केंद्रातून राखेचे टँकर चालवतो, तो बुटीबोरीतून सुताचा माल ओढायचा. परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजंटनं मला सांगितलं होतं, व्हिसा कंपनीच काढून देते, फक्त त्यांच्या माणसासमोर गाडी चालवून दाखवायची. मी ती नोकरी खिशात पडल्यासारखाच वागत होतो. नागपुरातल्या निम्म्या नातेवाइकांना बायकोनं सांगूनही टाकलं होतं. साडभावाला सोबत नेलं ते रस्त्यानं गप्पांना कुणी असावं म्हणून. "तूबी परीक्षा देऊन पाह्य गा," असं मीच त्याला मोठेपणानं म्हणालो.

परीक्षा कळमेश्वरकडच्या एका मैदानावर होती. ट्रेलर रिव्हर्स घेऊन दोन ड्रमांच्या मधोमध लावायचा, एवढंच. आता आमच्याकडे रिव्हर्स एकट्यानं कोण घेतो? क्लीनर मागं उभा राहून पत्र्यावर थापा मारतो. हलक्या थापा म्हणजे येऊ दे, एक जोरात म्हणजे थांब. इतक्या वर्षांत माझा पाय त्या थापेवरच चालायला लागलेला. मी काच खाली केली, कान बाहेर काढला आणि गाडी मागं घेऊ लागलो. थांब असं कुणी म्हणेना, म्हणून मी येतच राहिलो. शेवटी एक जोरात आवाज आला आणि सवयीनं मी ब्रेक दाबला. तो ड्रम होता.

साडभावाचा मालक महाकंजूष, गाडीवर क्लीनर ठेवत नसे. त्यावरून प्रत्येक लग्नात मी साडभावाची टिंगल केलेली. हा पठ्ठ्या खाली उतरला, मागं जाऊन पाहून आला, थोडी गाडी घेतली, परत उतरला, परत पाहून आला. एवढ्या भित्र्या माणसाला कोण घेईल, असं मी मनात म्हणत होतो. त्यालाच घेतलं.

परतताना मोटारसायकलवर मागून तो हळूच म्हणाला, "भाऊ, मले कसंतरीच वाटून राहिलं."

"काहून? मस्त झालं ना," मी म्हणालो. त्याला तिथंच उतरवून द्यावं असं फार मनात होतं.

तो गेला आणि आमच्या घरात उठता बसता पोलंड सुरू झालं. त्याची बायको, म्हणजे माझी साळी, व्हिडिओ पाठवायची, बायको ते मला जेवताना दाखवायची. गुळगुळीत रस्ते, गाडीतच पलंग.

"रस्त्यावर एक टपरी दिसत नाही," मी म्हणायचो. "चहाले तरसत असन बिचारा."

"गाडीतच करतात ते चहा," बायको म्हणायची.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. सगळे समोर बसलेले. "भाऊ, कंपनीले आणखी एक माणूस पाहिजे. मी तुमचं नाव देल्लं. व्हिसा तेच काढतात. सुरुवातीले माह्या गाडीवर राहा, मी शिकवतो तुमाले. फक्त हो म्हणा."

हो अगदी ओठावर आलं होतं. पण शिकवतो म्हणाला. हा, मला!

"आईची तब्येत बरी नसते गा आजकाल," मी म्हणालो. आई तेव्हा अंगणात भाजीवाल्याशी खणखणीत आवाजात भांडत होती, आणि ते त्यालाही ऐकू गेलं असणार. "बरं भाऊ," एवढंच तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "तुमाले जाचं होतं, का त्यायनं जाऊ नये असं पाहिजे होतं?"

मी तिला जेवायला वाढायला सांगितलं.

त्या जागेवर आता पंजाबकडचा कुणी माणूस गेला म्हणे. साळीनं परवा फोटो दाखवला, दोघं बर्फात गाडीसमोर उभे राहून हसताहेत. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण आता मी त्याच्यावरही जळतो, साडभावापेक्षा जरा जास्तच. कारण ती जागा तर खरोखर माझीच होती.